बाहेरचा पाइप आणि रोजची गाडी

दुकानात येणारा पोरगा आधी आवाज विचारतो. मग विचारतो, "पिकअप वाढेल ना, काका?" टिकेल का, हे विचारणारा विरळा, आणि तो बहुतेक वेळा पोराबरोबर आलेला बाप असतो. त्याला मी सरळ सांगतो, की पाइप टिकतो हो, सांधा टिकत नाही. बाहेरून बसवलेला बेंड पाइप, म्हणजे मोटारवाले ज्याला हेडर म्हणतात तो, मधोमध फुटलेला मी क्वचितच पाहिलाय. तो जातो इंजिनाच्या तोंडाशी, नाहीतर ब्रॅकेटच्या वेल्डिंगजवळ. असं का होतं ते कळायला या धंद्याच्या मुळाशी जावं लागतं, कारण ही वस्तू रोज वापरायला म्हणून कुणी बनवलीच नव्हती.

मूळ दक्षिण कॅलिफोर्नियात. लॉस एंजेलिसच्या डोंगरांपलीकडे म्युरॉकसारखी कोरडी पडलेली तळी आहेत, मैलोन् मैल सपाट. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून तिथे पोरं जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड, टप काढून त्या पळवायची. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी एकत्र येऊन संघटनाही काढली. कंपनीच्या गाडीत सगळ्या सिलिंडरांचा धूर बिडाच्या एकाच मॅनिफोल्डात कोंबलेला असतो. तो जड, ओबडधोबड, पण तापला तरी जागचा हलत नाही. पोरांनी तो काढून टाकला आणि प्रत्येक सिलिंडरला आपापली पोलादी नळी दिली. त्यामुळे एकाचा धूर दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. शिवाय नळ्यांची लांबी जमली, तर एका धक्क्यामागे जी पोकळी पडते ती पुढचा धूर ओढून घेते. ताकद वाढते ती इथे. आवाज वाढतो तो निव्वळ सोबतीला, पण पुढे जगभर खप झाला तो त्या सोबत्याचाच.

शर्यतीतून हा माल दुकानात कसा आला, त्याचं उत्तम उदाहरण म्हणजे लॉस एंजेलिसचे एक्झॉस्टवाले सँडी बेलंड. १९५७ ची इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत सॅम हँक्सने जिंकली, त्या गाडीचं नावच 'बेलंड एक्झॉस्ट स्पेशल' होतं. जॉर्ज सालिह नावाच्या मेकॅनिकने ती घरच्या गॅरेजात बांधली होती, आणि गाडी बुटकी व्हावी म्हणून इंजिन जवळजवळ आडवं झोपवलं होतं. पुढच्या वर्षी त्याच गाडीवर जिमी ब्रायन जिंकला. कुठल्याही एक्झॉस्टवाल्याला यापेक्षा मोठी जाहिरात मिळणार नाही. हेडमन कंपनी १९५४ पासून हेडर विकतच होती, १९६२ मध्ये हुकर आली, आणि रविवारी शर्यत बघणारा माणूस सोमवारी ऑफिसला जायच्या गाडीला तसलाच हेडर मागू लागला.

इथेच मेख आहे. हँक्सची ती शर्यत पावणेचार तासांच्या आत संपली. त्यानंतर शर्यतीच्या गाडीचं इंजिन उघडतात, नट न् नट तपासतात. ऑफिसची गाडी रोज सकाळी गार असताना सुरू होते, रोज तापते, रोज निवते. एक मीटर साधी पोलादी नळी पाचशे अंशांनी तापली की सहा मिलिमीटर लांबते, आणि ३०४ ग्रेडची स्टेनलेस असेल तर नऊच्या आसपास. दोन्ही टोकं आवळून बांधलेली असतील तर ही वाढ जाणार कुठे? ती फ्लँज वाकवते, स्टड ढिले करते, गॅस्केट चिरडते. निवताना तेच उलट. तिथल्या गॅरेजवाल्यांना ही रडगाणी पाठ होती: गॅस्केट उडालं, बोल्ट दर महिन्याला आवळावे लागतात, नळीच्या आचेने प्लगच्या वायरी वितळल्या, स्टार्टर मोटर तापून गाडी पेट्रोल पंपावरून सुरूच होईना. पुढे जाड फ्लँज आल्या, सिरॅमिकचा मुलामा आला, सरकते सांधे आले. चांगला हेडर आज खरंच टिकतो, पण त्याचं श्रेय नळीपेक्षा या फुटकळ दिसणाऱ्या सुधारणांना आहे.

आपल्याकडे हा शौक मोटारीपेक्षा मोटारसायकलीतून आला, आणि तोही इंग्लंडमार्गे. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्डचा कारखाना उभा राहिला आणि पुढे बुलेट रस्त्यावर दिसू लागली. पुण्याच्या नाना पेठेतल्या कुठल्याही पार्टच्या दुकानात आजही बुलेटच्या सायलेन्सरची यादी ऐका: शॉर्ट बॉटल, लाँग बॉटल, पंजाब, इंदोरी, डॉल्फिन, गोल्डस्टार. यातल्या गोल्डस्टारची वंशावळ मोठी मजेची आहे. इंग्लंडात ब्रुकलँड्स नावाचा काँक्रीटचा शर्यतीचा ट्रॅक १९०७ मध्ये सुरू झाला. आवाजाने शेजारचे बंगलेवाले वैतागले, विसाच्या दशकात प्रकरण कोर्टात गेलं, आणि ट्रॅकवर पळणाऱ्या प्रत्येक गाडीला सायलेन्सरचा मोठा डबा सक्तीचा झाला. त्या डब्याला मागे माशाच्या शेपटीसारखं चपटं तोंड असे. १९३७ मध्ये वॉल हँडलीने त्याच ट्रॅकवर बीएसएच्या गाडीवर ताशी शंभर मैलांवर फेरी मारली आणि क्लबने त्याला सोन्याचा तारा दिला. त्या ताऱ्यावरून बीएसएच्या गाडीला गोल्ड स्टार हे नाव पडलं, आणि त्या गाडीच्या सायलेन्सरवरून आपल्या काउंटरवरच्या मालाला. म्हणजे मध्यरात्री सोसायटी जागी करणाऱ्या या पाइपाचं नाव आलंय ते शेजाऱ्यांनी तक्रार करून सायलेन्सर सक्तीचा केलेल्या ट्रॅकवरून!

जुन्या बिडाच्या इंजिनाच्या बुलेटला बेंड पाइप हेडमध्ये नुसता ठोकून बसवलेला. घट्ट असेतो ठीक. बाहेरचा पाइप अर्धा मिलिमीटर बारीक निघाला की तिथून हवा आत शिरते, थ्रॉटल सोडला की न जळलेलं पेट्रोल पाइपात पेटतं आणि फटाके वाजतात. पोरं या फटाक्यांवर खूश असतात. बऱ्याचदा तो सांधा गळत असल्याचा पुरावा असतो, हे कितीदा सांगितलं तरी पटत नाही. जावा-येझदीचं दुखणं वेगळं. एका सिलिंडरला दोन पाइप, आणि प्रत्येक पाइप सिलिंडरला मोठ्या रिंग नटाने आवळलेला. त्याला अर्धगोल हुकाचा पाना लागतो. पाना नसलेला मेकॅनिक छिन्नी आणि हातोडी घेतो. नट ढिला राहिला की हलतो, हलला की आटे खातो, आणि मग सिलिंडरचेच आटे गेले म्हणून माणूस डोक्याला हात लावतो. त्यात पाइपाचा दोष नसतो.

बेंड बनवायची जुनी रीत मी शिकलो ती सांगतो, कारण आता ती फारशी कुणी करत नाही. नळीच्या एका टोकाला लाकडी गुट्टा ठोकायचा, वरून बारीक वाळू भरायची, भरता भरता नळीला टिचक्या मारत जायचं म्हणजे वाळू बसते, मग दुसरा गुट्टा. वाळू आधी तव्यावर भाजून कोरडी केलेलीच हवी. ओल राहिली तर गॅसने तापवताना आत वाफ होते आणि गुट्टा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. नळी लाल झाली की फर्म्यावर हळूहळू ओढायची. घाई केली की आतली बाजू चुरगळते आणि बाहेरची ताणून पातळ होते. मूळची १.६ मिलिमीटरची नळी त्या बाहेरच्या वळणावर किती उरली, हे वरच्या क्रोमखाली कुणाला दिसत नाही. स्वस्त पाइप १.२ च्या पत्र्याचा असतो, मग तर बोलायलाच नको.

टू-स्ट्रोकवाल्यांचा प्रकार याहून नाजूक. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी ३५० राजदूतच्या नावाने आणली. सुरुवातीची हाय टॉर्क ३०.५ हॉर्सपॉवरची, नंतरची लो टॉर्क २७ ची. गेलेली ताकद परत मिळवायला लोक एक्स्पान्शन चेंबर बसवू लागले. ही विद्या पूर्व जर्मनीतली. एमझेड कंपनीचे वॉल्टर काडेन यांनी ती पिकवली, आणि १९६१ मध्ये त्यांचा स्वार अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीतून पळाला आणि ज्ञान घेऊन सुझुकीकडे गेला. १९६२ ची ५० सीसीची जगज्जेतेपदाची शर्यत-मालिका सुझुकीने जिंकली, ती डेग्नरच्याच हातून. चेंबरचं पोट आधी फुगतं, मग आवळतं. आवळलेल्या भागावरून दाबाची लाट परत फिरते आणि बाहेर निसटणारं ताजं मिश्रण सिलिंडरात ढकलते. पण लाटेला जायला-यायला लागणारा वेळ ठरलेला, म्हणून हे जमतं ते ठरावीक आरपीएमलाच. लक्ष्मी रोडच्या गर्दीत दुसऱ्या गिअरमध्ये चालणाऱ्या गाडीला त्याचा उपयोग शून्य. उलट प्लग काळा होतो, आणि स्पीडब्रेकरवर चेंबरचं पोट घासतं.

गावातल्या गावात चालणाऱ्या गाडीचा आणखी एक शत्रू म्हणजे पाणी. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी तयार होतं. लांब पल्ल्याला ते वाफ होऊन जातं. घर ते भाजी मंडई एवढ्याच फेरीत पाइप पुरता तापतच नाही, पाणी खालच्या वळणात साचतं आणि गंज आतून खातो. म्हणून लडाखला जाऊन आलेल्या बुलेटपेक्षा रोज चार किलोमीटर चालणाऱ्या बुलेटचा पाइप आधी सडतो. त्यावर फॅशनची पट्टी गुंडाळली की पावसाळ्यात ओल धरून बाहेरूनही सडतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या आणि खेळच बदलला. आता एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर आहे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे. ते कापून साधी नळी लावली की मीटरवर इंजिनाचा दिवा पेटतो आणि पेट्रोलचं गणित बिघडतं. कायद्यानेही ते बसत नाही: कंपनीच्या मूळ आराखड्यापेक्षा वेगळा बदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये बजावलंय, आणि पोलिसांनी जप्त सायलेन्सरांवर रोड रोलर फिरवल्याचे फोटो आपण पेपरात पाहतोच. खुद्द कॅलिफोर्नियात आज सरकारी मंजुरीचा क्रमांक नसलेला हेडर रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांना लावता येत नाही.

जुन्या गाडीचा मूळ पाइप मिळतच नसेल, तर बाहेरचा जरूर घ्या, पण घेताना आवाज ऐकण्याआधी फ्लँजची जाडी हाताने बघा, ब्रॅकेट पाइपाला कुठे जोडलाय ते बघा, आणि पहिल्या आठवड्यानंतर नट पुन्हा आवळून घ्या. आणि कंपनीचा काढलेला पाइप नट-वॉशरसकट पोटमाळ्यावर टाका, भंगारात देऊ नका. गाडी विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक पहिला तोच मागतं.