लपवलेल्या १७९ ओळी

१५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. तीनच दिवसांनी तिच्या अमेरिकेतील व्यवसायाचा मोठा भाग विकत घेण्यास बार्कलेज ही ब्रिटिश बँक न्यूयॉर्कच्या दिवाळखोरी न्यायालयासमोर होती. लेहमनचे कोणते करार बँक आपल्याकडे घेणार, याची यादी १८ तारखेच्या मध्यरात्रीपूर्वी दाखल व्हावयाची होती. यादी एक्सेलमध्ये होती : सुमारे १,००० ओळी आणि २४,००० हून अधिक घरे.

त्यांपैकी १७९ करार बार्कलेजला नको होते. पण त्यांच्या ओळी काढून टाकलेल्या नव्हत्या, केवळ लपवलेल्या होत्या.

ही सोय स्प्रेडशीटसोबत जन्मली नव्हती. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांच्या १९७९ च्या व्हिजिकॅल्कमध्ये सर्व रकान्यांची रुंदी एकच असे. वाढवायची तर सगळ्यांची. लांबलचक नावांचा रकाना आणि दोन अंकी टक्केवारीचा रकाना एकाच मापाचे, हे कोणत्याही हिशेबनिसाला खटकणारच. १९८३ च्या लोटस १-२-३ मध्ये प्रत्येक रकान्याची रुंदी स्वतंत्रपणे ठरवता येऊ लागली. पुढे ओळींची उंची बदलण्याची आणि ओळी-रकाने लपवण्याची सोयही रूढ झाली. कागदी खतावणीत खोडलेली नोंद निदान खोडलेली म्हणून दिसते. येथे मात्र नजरेआड केलेली नोंद जशीच्या तशी शाबूत राहते. एक्सेलमधील लपवलेली ओळ म्हणजे जणू शून्य उंचीची ओळ. अनेक ओळी एकत्र निवडून एकच उंची दिली, की मधल्या लपलेल्या ओळींनाही ती मिळते आणि त्या पुन्हा प्रकट होतात.

त्या रात्री हेच घडले. बँकेच्या वकिलांकडे नव्यानेच रुजू झालेल्या एका कनिष्ठ वकिलाने, मुदत संपत आली असताना, फाईल पीडीएफमध्ये रूपांतरित करण्यापूर्वी मजकूर नीट वाचता यावा म्हणून सर्व ओळींची उंची एकसारखी केली. नको असलेले १७९ करार स्वीकारावयाच्या यादीत जाऊन बसले.

दोष त्या कनिष्ठाच्या माथी मारणे सोपे आहे. परंतु फाईलमध्ये काही लपवलेले आहे, हे त्याला ठाऊकच नव्हते. आणि ‘न दाखवणे’ म्हणजेच ‘वगळणे’ हा समज ती फाईल त्याच्या हाती येण्यापूर्वीचा होता.

२० सप्टेंबरला न्यायालयाने विक्रीस मान्यता दिली. ऑक्टोबरमध्ये बार्कलेजच्या वकिलांना त्याच न्यायालयात पुन्हा अर्ज करावा लागला : ते १७९ करार चुकून समाविष्ट झाले आहेत, ते वगळावेत.