घाटाचा रस्ता आणि सायकलस्वार

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, लढाया आणि तह उभे राहतात. तळेगावकरांच्या बाबतीत ते स्वाभाविकही आहे. हे सरसेनापती दाभाड्यांचे गाव. परंतु ज्या रस्त्याच्या आधाराने आपला मावळ वाढला त्या रस्त्यालाही इतिहास आहे, आणि त्या रस्त्यावरून सायकल हाकीत गेलेल्या साध्या माणसालाही आहे. आज आम्हांला त्याच माणसाविषयी बोलावयाचे आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की बोरघाटाचा रस्ता वेळोवेळी कोणा ना कोणा बलवंताच्या सोयीसाठी बांधला गेला. सामान्य माणसाने तो वापरून वापरून आपला केला. आणि या कामी त्याला सायकलीसारखा दुसरा सोबती मिळाला नाही.

प्रथम घाट पाहू. खोपोली समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे फुटांवर, तर लोणावळे दोन हजारांच्या वर. म्हणजे चार-पाच कोसांत अठराशे फूट चढावयाचे. ही वाट फार जुनी. कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेणी दोन हजार वर्षांपूर्वी याच व्यापारी मार्गाच्या आधाराने उभी राहिली. कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने दरवाजा केल्याचा लेख आहे. कारागिराचे नाव दगडावर कोरण्याची ही रीत पुढच्या काळातील घाट बांधणाऱ्यांनी पाळली असती, तर आमच्यासारख्यांचे काम पुष्कळ सोपे झाले असते.

ती त्यांनी पाळली नाही. पेशवाईच्या अखेरीस या वाटेने मुख्यतः लदणीचे बैल चालत. १८०४ साली जनरल वेलस्ली याने ती तोफा नेण्याजोगी करून घेतली. पुढे १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम याने गाडीरस्ता खुला केला. पहिली सुधारणा तोफांसाठी, दुसरी राज्यकारभार आणि व्यापार यांसाठी. मावळच्या शेतकऱ्याला काय हवे, हे विचारण्यास कोणी आले नव्हते.

नंतर आगगाडी आली. घाटातील लोहमार्गाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली पुरे झाले. सदतीस फुटांना एक फूट अशी ती चढण. १८६१ च्या सुमारास एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर तेथे राबत होते. १८५९ च्या जानेवारीत मजुरी थकली म्हणून याच घाटात मजुरांनी दंगा केला. आपल्या देशातील मजूर-लढ्यांचा इतिहास लोक मुंबईच्या गिरण्यांपासून सुरू करतात. आम्ही तो बोरघाटापासून सुरू करावा असे सुचवितो. इंजिनिअर जेम्स बर्कले याचे नाव पुस्तकांत आहे. मजुरांच्या बाजूला उरली ती शिंग्रोबाची कथा. एका धनगराने साहेबाला डोंगरातून वाट दाखविली आणि बक्षीस म्हणून त्याचाच जीव घेतला गेला, असे लोक सांगतात. कागदोपत्री ती खरी असो वा नसो, जुन्या घाटरस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे, आणि जाणारा-येणारा तेथे पैसा टाकून पुढे जातो. घाट खरा कोणाचा, याबद्दल लोकांचे मत त्या पैशात आहे.

आता सायकलीकडे येऊ. जॉन केंप स्टार्ली याने १८८५ साली कॉव्हेंट्रीत दोन सारख्या चाकांची, चेनने चालणारी सायकल बाजारात आणली; १८८८ साली डनलॉप याने हवेचे टायर केले. त्यापूर्वीची उंच चाकाची सायकल उतारावर स्वाराला डोक्यावर आपटीत असे. नव्या सायकलीने डोंगर खुले झाले. आपल्याकडे ती आधी साहेबाची आणि वकिलाची चैन होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती कारकुनाची, कामगाराची आणि दूधवाल्याची झाली. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवरून जग पाहावयास निघाले. त्यांपैकी हकीम, बापासोला आणि भूमगरा हे तिघे सुमारे चव्वेचाळीस हजार मैल तुडवून १९२८ च्या मार्चमध्ये परत आले. हे शौर्य मोठेच. परंतु बारा महिने पाळीला जाणाऱ्या माणसाचे मैल कोणी मोजले नाहीत.

तो कशावर जात होता तेही पाहावे. जाड नळ्यांची, अठ्ठावीस इंची चाकांची, एकाच गिअरची काळी सायकल. पायडल एकदा फिरले की मागचे चाक सुमारे अडीच वेळा फिरे, म्हणजे सायकल अठरा फूट पुढे जाई. सपाटीला हे प्रमाण उत्तम. पण चढणीवर तेच अठरा फूट छातीवर बसतात. चढावर उतरून सायकल ढकलावयाची आणि उतारावर ब्रेकच्या दांड्या धरून बोटे बधिर करावयाची, हा नेम. कॅरिअरला डबा किंवा दुधाच्या किटल्या, पुढे दिवा, आणि नगरपालिकेच्या हद्दीत सायकलीच्या कराचा बिल्ला. लोणावळ्यापासून तळेगावपर्यंतची वाट इंद्रायणीच्या खोऱ्यातून जाते, ती त्यामानाने सोपी. परंतु कामशेतहून बेडशावरून पवनेकडे जाणारी वाट, किंवा लोणावळ्याहून दुधिवरे खिंडीतून लोहगड-विसापुराच्या पायथ्याने उतरणारी वाट, या दोन्ही दम पाहणाऱ्या. आज शहरातील हौशी मंडळी भारी सायकली घेऊन तेथे येतात. त्यांचे स्वागतच आहे. या वाटा गावकऱ्यांनी साध्या सायकलीवर आधीच सर केलेल्या आहेत, एवढे मात्र त्यांनी ध्यानात ठेवावे.

येथे विलायतेचे एक उदाहरण देणे अवश्य वाटते. इंग्लंडात मँचेस्टर आणि शेफील्ड या कारखानदारीच्या शहरांच्या मध्ये पीक डिस्ट्रिक्ट नावाचा डोंगराळ मुलूख आहे. आठवडाभर धुरात राबणारा कामगार रविवारी सायकल घेऊन तिकडे पळे. १८९१ साली रॉबर्ट ब्लॅचफर्ड याने 'क्लॅरियन' हे समाजवादी पत्र काढले, आणि १८९४ साली बर्मिंगहॅमच्या काही तरुणांनी त्याच नावाचा सायकल क्लब स्थापिला. पुढच्याच वर्षी ईस्टरला या मंडळींचा पहिला मेळावा त्या डोंगरांच्या तोंडाशी, अ‍ॅशबोर्न गावी भरला. जाताना ते गावोगाव पत्रके वाटीत आणि सभा घेत. म्हणजे सहल आणि संघटना एकाच चाकावर! परंतु रस्ता खुला असला तरी डोंगरमाथे खुले नव्हते. ते जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेले. तेव्हा २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण किंडर स्काउट या पठारावर बंदी मोडून चढले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन हा वीस वर्षांचा कामगार. तो तेथे सायकलनेच गेला होता. पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला आणि १९५१ साली पीक डिस्ट्रिक्ट हे त्या देशाचे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरले. हक्क असे मिळतात: आधी कोणीतरी पाय टाकतो, मग कायदा येतो.

आपल्याकडे सायकलस्वाराचा गौरव झालाच नाही असे नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यत ही जुनी आणि लोकप्रिय. बोरघाट प्रथम चढून येणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, आणि त्याला पाहण्यास लोक रस्त्याच्या दुतर्फा उभे राहतात. जानेवारी २०२६ मध्ये तर 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय शर्यत आपल्या जिल्ह्यात झाली आणि तिचा एक टप्पा मुळशी-मावळातून गेला. शर्यतीसाठी रस्ते गुळगुळीत केले गेले. आनंद आहे. परंतु आमच्या गेटसभेत एका कामगाराने विचारले, की जो रस्ता पाहुण्यांसाठी काही महिन्यांत नीट होतो, तो आमच्या पाळीसाठी वर्षानुवर्षे का होत नाही? या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते ज्यांच्यापाशी आहे त्यांनी द्यावे.

कारण याच्या उलट जे घडले तेही इतिहासच आहे. सायकल बनविणारा वरळीचा हिंद सायकल्सचा कारखाना डबघाईला आला. १९८० साली संसदेने कायदा करून तो राष्ट्राच्या मालकीचा केला, तरी पुढे तो बंदच पडला. १९७८ साली पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली. ही मोठीच सोय झाली, आणि सायकल घरापासून स्टेशनापर्यंतची सोबतीण उरली. नंतर द्रुतगती मार्ग आला. २००२ साली तो पुरा झाला. सुमारे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरच्या या सहापदरी रस्त्यावर सायकलीला, दुचाकीला आणि पायी चालणाऱ्याला मज्जाव आहे. वेगाच्या रस्त्यावर सायकल नको, हे आम्हांलाही पटते. परंतु जुना रस्ता तरी तिच्यासाठी राखला का? तेथे मालमोटारींची रांग आहे. तळेगाव-चाकण रस्त्याची स्थिती सांगावयास नकोच. ज्या रस्त्याने भंडाऱ्याच्या डोंगराला तुकोबांच्या ओढीने माणूस सायकलवर सहज जात असे, तेथे आज पाळीला निघालेला कंत्राटी कामगार गटाराच्या काठाने जीव मुठीत धरून जातो. घाटातील मजुराचे नाव कोणी लिहिले नाही. याच्या वाट्याला निदान हातभर जागा तरी यावी की नाही?

तेव्हा आमची मागणी साधी आहे. जुन्या महामार्गाच्या आणि चाकण रस्त्याच्या दोन्ही कडांना सायकलीपुरती पक्की पट्टी असावी. तिच्यावर ना मोटार उभी राहावी, ना खडी पडावी. कारखान्यांच्या दारांत सायकलींना छप्पर असावे. नगरपरिषदेने, ग्रामपंचायतींनी आणि कामगार संघटनांनी ही मागणी एकत्र करावी. तोफांसाठी रस्ता झाला, गाड्यांसाठी झाला, मोटारींसाठी तर दोनदा झाला. ज्याने तो आपल्या पायांनी चढून दाखविला, त्याच्यासाठी तो एकदा व्हावा, एवढेच.