देणगी, जमीन आणि उघडलेले दार

बंगळूरच्या बसमध्ये ‘टाटा इन्स्टिट्यूट’ एवढे म्हटले की वाहकाला अधिक काही सांगावे लागत नाही. भारतीय विज्ञान संस्था हे तिचे अधिकृत नाव. परंतु लोकांच्या तोंडी दात्याचेच नाव राहिले. गावाकडून आलेल्या पाहुण्यांना शहर दाखविताना आम्हीही वर्षानुवर्षे हेच सांगत आलो, की टाटांनी पैसा दिला आणि या नगरीत विज्ञान व तंत्रज्ञान आले. हे विधान खोटे नाही, पण अपुरे आहे. ज्या विद्येने आपल्यापैकी अनेकांना येथे पोटाला लावले, तिची हकीकत या सुवर्णमहोत्सवी अंकात तरी पुरी सांगितली पाहिजे.

जमशेटजी टाटांनी १८९८ मध्ये सुमारे ३० लाख रुपयांची आपली मालमत्ता उच्च संशोधनासाठी देऊ केली. तिचे वार्षिक उत्पन्न सव्वा लाखाच्या घरात होते. त्या काळी ही रक्कम डोळे दिपविणारी होती. तरीही संस्था स्थापन झाली ती १९०९ मध्ये! मधली अकरा वर्षे पैसा तयार होता, परंतु मंजुरी नव्हती. एवढे शिकणारे विद्यार्थी मिळतील का, आणि शिकल्यावर त्यांना कामे कोण देणार, अशी शंका लॉर्ड कर्झन यांना होती. १९०४ मध्ये जमशेटजी निवर्तले. बर्जोरजी पादशा यांच्यासारखा निष्ठावंत सहकारी आणि वडिलांचा शब्द पाळणारे पुत्र नसते, तर ती देणगी कागदावरच राहिली असती.

शिवाय केवळ या देणगीवर संस्था उभी राहणे शक्यही नव्हते. म्हैसूर संस्थानाने ३७१ एकर जमीन दिली, इमारतींसाठी ५ लाख रुपये दिले आणि प्रतिवर्षी ५० हजारांचे साहाय्य कबूल केले. हिंदुस्थान सरकारनेही वार्षिक अनुदान दिले. म्हणजे मुंबईच्या व्यापाऱ्याचा पैसा, कानडी मुलुखाची भूमी आणि सरकारी तिजोरी असा हा त्रिवेणी संगम होता. १९११ मध्ये पहिले विद्यार्थी दाखल झाले.

पैसा आला, जमीन आली, प्रयोगशाळाही आल्या. मग सारे साधले काय? याचे उत्तर एका मराठी मुलीच्या चरित्रात आहे. मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने संपादन करून कमला भागवत यांनी १९३३ मध्ये येथे प्रवेश मागितला. त्यांचे वडील नारायणराव व चुलते माधवराव याच संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले. परंतु अर्जदार स्त्री आहे, एवढ्याच कारणावरून संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर त्यांना एक वर्षाच्या परीक्षेवर, अटी घालून घेतले गेले. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व डाळी यांतील प्रथिनांवर काम केले आणि ते वर्ष असे गाजविले, की पुढे इतर विद्यार्थिनींनाही तेथे वाट मिळाली. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळविणाऱ्या डॉ. कमला सोहोनी त्या याच.

त्या दारापुढे ३० लाखांची देणगी निरुपयोगी ठरली. ते उघडले एका मुलीच्या हट्टाने आणि कामाने. याने दात्याचे मोठेपण तिळमात्र उणे होत नाही. द्रव्यावाचून प्रयोगशाळा उभी राहत नाही, हे आम्ही जाणतो. पण द्रव्याने प्रयोगशाळा उभी राहते. तिच्यात कोणाला बसू द्यायचे, हे माणसेच ठरवितात.

आज आपल्या मुली याच शहरात अभियंत्या व संशोधिका म्हणून वावरतात. त्यांना संस्था दाखवायला न्याल, तेव्हा टाटांचे नाव अवश्य सांगा. पण त्याबरोबर म्हैसूरच्या जमिनीची आणि कमलाबाईंच्या त्या एका वर्षाचीही गोष्ट सांगा, एवढीच आमची विनंती.