दोन रकान्यांतली इंग्रजी



दरवर्षी खेड्यापाड्यांतून आलेली मुले आमच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या वर्गात येऊन बसतात. क्रियापदाची तिन्ही रूपे त्यांना घडाघडा येतात. पण ‘तुझं गाव कोणतं?’ एवढे इंग्रजीत विचारले की मान खाली जाते. आपलं डोकंच कमी, असे मूल मनाशी ठरवून टाकते. हा समज खोटा आहे. ही भाषा आपल्याकडे ज्या वाटेने आली, तिथेच या अडचणीचे मूळ आहे.

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ पत्र सुरू केले. कोकणातल्या पोंभुर्ले गावचा हा तरुण तेव्हा जेमतेम विशीचा होता. पत्राच्या पानावर दोन रकाने असत. एकात इंग्रजी, दुसऱ्यात मराठी. इकडचे वाक्य तिकडे ताडून पाहावे आणि शिकावे, अशी सोय घरबसल्या झाली. पण यातली एक गोष्ट ध्यानात घ्या. इंग्रजी आपल्या लोकांना भेटली ती डोळ्यांना, कानांना नव्हे. ती बोलणारा माणूस गावात नव्हताच. होता तो छापील कागद.

पुढे १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. नोकरीची वाट परीक्षेतून आणि परीक्षेची वाट इंग्रजीतून, असे होऊन बसले. मग भाषांतर आणि पाठांतर यांना जोर चढला. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घरोघर गेली. जिथे धड शिक्षक नव्हता, तिथेही तिने इंग्रजी पोहोचवली. तिचे ऋण मोठे आहे. मात्र पुस्तक चूक दाखवते, उच्चार ऐकवत नाही.

उच्चाराचेच पाहा. मराठी बरीचशी बोलतो तशी लिहितो. इंग्रजीत ‘नाइफ’ लिहिताना आधी ‘के’ काढायचा आणि उच्चारायचा मात्र नाही. ‘बट’ आणि ‘पुट’ यांत स्वराचे अक्षर एकच, पण उच्चार दोन. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, त्यांचे कर्त्यामागोमाग. आपण ‘झाडाखाली’ म्हणतो. त्यांचा ‘खाली’ झाडाच्या आधी येतो. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ या उपपदांना तर मराठीत जोडच नाही. तेव्हा मूल अडखळले, तर ते मराठीच्या शिस्तीने चालले आहे, एवढाच त्याचा अर्थ. शिक्षकाने हा फरक मराठीतून उलगडून सांगितला, तर निम्मी भीती तिथेच जाते.

इंग्रजी कधी आणि किती, हा वादही जुनाच. १८४० च्या दशकात शिक्षण मंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजीकडे होता. सामान्य जनतेला ज्ञान द्यायचे तर ते देशी भाषेतूनच, असा जगन्नाथ शंकरशेट यांचा आग्रह होता. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजीचा आरंभ आठवीवर गेला. पुढे तो पाचवीवर आला. आम्ही पाचवीतच ‘ए, बी, सी’ गिरवली. २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आली. इयत्ता बदलत गेल्या, पण फळ्यावरून वहीत उतरवण्याची रीत पुष्कळ ठिकाणी तशीच राहिली.

आता उलट बाजूचे उदाहरण घ्या. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात उतरला. त्याच्यापाशी ना मराठीचा शब्दकोश, ना पाठमाला. साष्टीच्या लोकांत तो वर्षानुवर्षे राहिला, त्यांचे बोलणे ऐकत गेला. १६१६ साली त्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले, तेही ओवीबद्ध मराठीत! परकी भाषा आधी कानात मुरली, की हातून काय घडते, याची ही साक्ष.

शिक्षक मित्रहो, साष्टीसारखा शेजार आपण मुलांना देऊ शकत नाही, हे खरे. पण रोज दहा मिनिटे पुस्तक मिटून त्यांच्याशी सोप्या इंग्रजीत बोलता येईल. गाव, गुरे, पाऊस, बाजार एवढे विषय पुरेत. मूल चुकले तर चुकू द्या; वाक्य पुरे होईपर्यंत थांबा आणि वर्गाला हसू देऊ नका. आज छापील रकान्यात अडकलेली ती भाषा उद्या त्याच्या तोंडी येईल. आणि ‘तुझं गाव कोणतं?’ असे कोणी इंग्रजीत विचारले, तर तो मान वर करून गावाचे नाव सांगेल.