टबातली थाप

माझं बालपण बंबाच्या धुरात गेलं. बंबात ढलप्या सारायच्या, डोळे चोळत फुंकर मारायची, आणि ज्याचा नंबर शेवटचा त्याने ‘गार पाण्याने प्रकृती सुधारते’ हे सुवचन ऐकून घ्यायचं. हा नंबर बहुधा माझाच असे. त्यामुळे टबात डुंबणाऱ्या लोकांविषयी मला पहिल्यापासून भारी कुतूहल.

परवा चिरंजीवांनी नव्या फ्लॅटमध्ये टब बसवला. वास्तुशांतीला आलेली मंडळी देवघरापेक्षा न्हाणीघरातच जास्त रेंगाळू लागली. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेला माणूस अशा वेळी गप्प कसा बसणार? मी टबाच्या काठावर हात ठेवून सुरुवात केली, “मंडळी, अमेरिकेत पहिला टब बसला १८४२ साली, सिनसिनाटी शहरात. महोगनी लाकडाचा, आतून शिशाचा पत्रा! डॉक्टरमंडळी खवळली. हा प्रकार प्रकृतीला घातक, म्हणाली! शेवटी १८५१ साली अध्यक्ष फिलमोर यांनी व्हाइट हाउसमध्ये टब बसवला, तेव्हा कुठे...”

व्याही मान डोलावत होते. एवढ्यात नात फोनमधून डोकं वर काढून म्हणाली, “आजोबा, ही थाप आहे.”

थापच होती हो! एच. एल. मेंकेन नावाच्या पत्रकाराने २८ डिसेंबर १९१७ रोजी न्यूयॉर्कच्या ‘ईव्हनिंग मेल’मध्ये हा सगळा इतिहास मनाने रचून छापला. महायुद्धाचे दिवस, तेवढीच गंमत. पण लोकांना ती खरीच वाटली. ती इतर वर्तमानपत्रांत गेली, संदर्भग्रंथांत जाऊन बसली. १९२६ च्या मे महिन्यात मेंकेनने जाहीर कबुली दिली. बॉस्टनच्या एका वर्तमानपत्राने ती कबुली छापली आणि तीनच आठवड्यांनी मूळ थापही खरी म्हणून छापली! पुढे अध्यक्ष ट्रुमन यांनीही ती सांगितली. म्हणजे मी एकटा नव्हतो. पण ट्रुमन यांना नात सर्वांसमक्ष बोलली नव्हती.

“अहो, आपण वज्रेश्वरीच्या गरम कुंडात आंघोळ केली होती, ती तरी खरी ना?” सौ. म्हणाली. मंडळी हसली. मीही हसलो.

रात्री मात्र झोप येईना. तीस वर्षं, दर वर्षी एक वर्ग. किती मुलांना मी ही थाप रंगवून सांगितली! आणि मोहेंजोदडोचं महास्नानगृह? सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद, अडीच मीटरच्या आसपास खोल. विटा घट्ट बसवलेल्या, पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा थर, उतरायला दोन्ही बाजूंनी पायऱ्या. चार हजार वर्षांहून जुनं आणि अगदी खरं. ते मी दोन ओळींत उरकत होतो, कारण त्याला कोणी हसत नसे. थापेला मी तास दिला आणि सत्याला टीप.

सकाळी नातीला जवळ बसवून मोहेंजोदडो सांगितलं. तिने फोनमध्ये पडताळून पाहिलं आणि म्हणाली, “बरोबर आहे आजोबा.” इतक्या वर्षांच्या नोकरीत अशी शाबासकी मिळाली नव्हती.

टबाचं म्हणाल, तर तो काठोकाठ भरलेला असतो. सोसायटीत पाणी एकच वेळ येतं. शेजारी पाट मांडून, त्यातलंच पाणी तांब्याने घेऊन मी आंघोळ करतो. गार.