तपकिरी वायर

जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं की नजर आधी इंजिनावर जाते. पण गाडीचा इतिहास वाचायचा असेल तर वायरींचे रंग बघा.

इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला १९४५ ते १९४९ या काळात तयार झालेली एमजी टीसी घ्या. दोन सीटांची स्पोर्ट्स कार, विजेचं सगळं सामान बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीचं. लुकासने कामागणिक रंग ठरवले होते. तपकिरी वायर थेट बॅटरीची, कायम करंट असलेली. पांढरी चावी फिरवल्यावर चालू होणारी. निळी हेडलाइटची, काळी अर्थची. आवरण रबराचं, वरून सुती वीण. उष्णतेने आणि वयाने रबर तडकतं, तांबं उघडं पडतं. म्हणून अशा गाडीची वायरिंग कधी ना कधी बदलावीच लागते.

आपल्याकडे हे काम आणखी अवघड झालं. टॅरिफ कमिशनच्या १९५३च्या अहवालानंतर परदेशी गाड्यांची नुसती जुळणी करणाऱ्यांचे दिवस संपले. मुंबईत १९२८ पासून चालणारा जनरल मोटर्सचा कारखाना १९५४ साली बंद झाला. आयात आवळली, सुटे भाग दुर्मीळ झाले. अशा वेळी मिळेल त्या रंगाची वायर जोडून गाडी चालू ठेवणं हाच मार्ग उरतो.

त्याच १९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार केला. १९६६ साली टेल्को पुण्यात आली आणि १९९५ पासून मर्सिडीजची जुळणीही इथेच होऊ लागली. गंमत अशी, की जर्मन पद्धतीत तपकिरी वायर म्हणजे अर्थ! ती बॉडीला जोडायची असते. जर्मन गाड्यांची सवय असलेल्या हाताने एमजीची तपकिरी वायर बॉडीला कसली, तर सरळ शॉर्ट. वाटेत फ्यूजही नाही, कारण गाडीत फ्यूज दोनच, आणि ते या वायरीच्या पुढे. शिवाय या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला असतो, मायनस नव्हे.

नाना पेठेत आज हव्या त्या रंगाची वायर मिळते. अख्खी गाडी एकाच लाल वायरीने जोडली तरी दिवे लागतील; करंटला रंग दिसत नाही. कोडमधल्या व्हेरिएबलची नावंही कॉम्प्युटरसाठी नसतातच, पुढे कोड वाचणाऱ्यासाठी असतात. म्हणून जाणता इलेक्ट्रिशियन आधी बॅटरी सोडवतो, जुना हार्नेस अखंड काढून जमिनीवर पसरतो, प्रत्येक टोकाला चिठ्ठी लावतो आणि नवी वायर त्याच रंगाची घेतो. वीस वर्षांनी खंडाळ्याच्या घाटात, रात्री, बॅटरीच्या उजेडात कुणीतरी ते बॉनेट उघडेल. तपकिरी वायरीला हात लावायचा की नाही, हे त्याला रंगावरूनच कळायला हवं.