गर्भसमापनाची नोंदवही : गोपनीयतेचा कायदेशीर इतिहास

वैद्यकीय गर्भसमापन अधिनियम, १९७१ विषयी झालेल्या चर्चेत ‘परवानगी’चा प्रश्न विपुल आला, स्त्रीच्या नावाच्या गुप्ततेचा प्रश्न मात्र उपेक्षित राहिला. वस्तुतः मूळ कलम ७ नेच माहिती उघड करण्यास मनाई करणारे विनियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला होता. उल्लंघनास शिक्षा फार तर १,००० रुपये दंड! केंद्राच्या २००३ च्या विनियमांत याची कार्यपद्धती दिसते. स्त्रीचे नाव केवळ प्रवेश नोंदवहीत लिहावयाचे. रुग्णपत्रिका, शस्त्रक्रियागृहाची नोंदवही इत्यादींत फक्त अनुक्रमांक. प्रवेश नोंदवही हा गुप्त दस्तऐवज, शेवटच्या नोंदीनंतर पाच वर्षांनी नष्ट करावयाचा. (कागदी व्यवस्थेतील हे शहाणपण संगणकीय नोंदींत क्वचितच आढळते.)

ही तटबंदी भेदली ती दुसऱ्याच कायद्याने. अल्पवयीनांवरील लैंगिक गुन्ह्यांची माहिती पोलिसांना देणे २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ ने बंधनकारक केले. संमतीने संबंध आलेली अल्पवयीन गर्भवतीही त्यात सापडली आणि डॉक्टरकडे जाण्यास कचरू लागली. २०२१ मध्ये समाविष्ट झालेल्या कलम ५-अ ने नाव फोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद केली. परंतु कायद्याने प्राधिकृत व्यक्तीचा अपवाद राखल्याने पेच कायम राहिला. अखेर २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की मुलगी व तिचे पालक यांनी विनंती केल्यास डॉक्टरांनी पोलिसांना कळविताना, तसेच पुढील फौजदारी कारवाईतही, तिची ओळख उघड करण्याची आवश्यकता नाही.